नुकसानभरपाईचं पान

बुरशी पहिल्यांदा दिसली तेव्हा ती फोटोच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात होती. चहाचं पातेलं गॅसवर होतं आणि पाणी उकळेपर्यंत मी स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघत उभा होतो. मला वाटलं, काचेवर पीठ उडालं असेल. ओल्या बोटानं पुसून पाहिलं. डाग हलला नाही. तो काचेच्या आत होता.

पत्नीला जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते. दोन हजार नऊचा पावसाळा होता. कोल्हापूरला, कळंब्याच्या तलावाच्या अंगाला आमचं लहानसं घर आहे. जुलैत तिथं पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना, चामड्याच्या पट्ट्याला, बरणीतल्या मिठालासुद्धा ओल धरते. फोटोला धरली यात नवल नव्हतं. पण तो फोटो एकच होता.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी तो काढलेला. पत्नी जयसिंगपूरजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवायची. एप्रिलातल्या जयंतीचा कार्यक्रम होता, आणि आमच्या बौद्ध घरांत अशा दिवशी पांढरी साडी नेसतात तशी ती नेसली होती. मागं शाळेची नुकतीच चुना दिलेली भिंत. बोलावलेला फोटोग्राफर सगळ्यांचे फोटो आटोपून सामान आवरत होता, तेवढ्यात काहीतरी झालं, ही हसली, आणि त्यानं बटण दाबलं. लहानपणी पडून तिचा पुढचा एक दात अर्धा तुटला होता, त्यामुळं ती जन्मभर तोंडावर हात धरून हसली. लग्नाच्या फोटोत ओठ मिटलेले. ओळखपत्रावर मिटलेले. मुलीच्या बारशाच्या फोटोत तर पदरच तोंडावर. फक्त या एका फोटोत तिचे दोन्ही हात खाली आहेत आणि ती मोकळी हसते आहे. त्या फोटोग्राफरच्या निगेटिव्ह पुढं पुराच्या पाण्यात गेल्या.

मी फ्रेम उतरवली, पिशवीत घातली आणि पेठेतल्या फ्रेमवाल्याकडं गेलो. ती फ्रेम त्यानंच केली होती. शाळेच्या सगळ्या फ्रेमा पत्नी त्याच्याकडून करून घ्यायची, त्यामुळं तो तिला बाई म्हणायचा आणि मला साहेब. मी साहेब कधीच नव्हतो. जिल्ह्याच्या कोर्टात भाषांतरकार होतो. मराठी जबान्या इंग्रजीत आणि इंग्रजी निकाल मराठीत करण्यात माझी नोकरी संपली.

त्यानं मागचे खिळे काढले, पुठ्ठा उचलला, फोटोच्या कडेला नख लावून पाहिलं आणि हात मागं घेतला.

“ह्ये काय खरं न्हाय, साहेब. फोटू काचंला धरलाय.”

“म्हणजे?”

“म्हणजे चिकटलाय. वलीनं. आता वडला की तोंड काचंवर आन कागुद हातात.”

“पाण्यात भिजवून?”

“निघतंय कवाकवा. पर हितं बुरशी आलीया न्हवं, पाण्यात घातला की रंग गेला वघळून. मग मलाच शिव्या द्याल की.”

“बुरशी थांबवता येईल?”

त्यानं चष्मा कपाळावर चढवला, काच उजेडाला धरली आणि बोटानं हवेतच एक रेघ ओढली. कोपऱ्यातून तिच्या कोपरापर्यंत, कोपरातून खांद्यापर्यंत, खांद्यातून वर.

“ही अशी जाणार. कवा जातीया ते मी न्हाय सांगू शकत. भादव्यात लई पळती.”

ऑगस्टच्या अखेरीला वर्ष होत होतं. त्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला होता. नातेवाईक, शाळेतले लोक जमणार, वंदना होणार, तिच्या फोटोपुढं मेणबत्ती लावून एकेक जण फुलं वाहणार. कुठल्या फोटोपुढं, हा प्रश्न मला दहा महिन्यांत एकदाही पडला नव्हता.

फ्रेमवाल्यानं एका स्टुडिओचा पत्ता दिला. तिथल्या माणसानं फ्रेम काचेसकट स्कॅनरवर पालथी घातली. काचेच्या जाडीमुळं चित्र धूसर आलं, तर म्हणाला, काळजी करू नका, बाकीचं कंप्युटरवर करतो. चार दिवसांनी गेलो. त्यानं मनापासून काम केलं होतं. भिंतीच्या जागी निळं आभाळ होतं, ओठ गुलाबी होते, गालावरची सुरकुती नव्हती, आणि दात पूर्ण होता. एक अनोळखी, सुखवस्तू बाई माझ्याकडं बघून हसत होती.

“कसा वाटला?” त्यानं विचारलं.

“छान आहे,” मी म्हटलं. ते पाकीट घरी आणून मी शब्दकोशांच्या मागं ठेवलं.

कॅमेरा घरात होता. तो मुलीनं पाठवला होता. ती पुण्यात नोकरी करते. तिच्या ऑफिसातलं कुणीतरी परदेशातून येताना नव्या तऱ्हेचा, आत आरसा नसलेला कॅमेरा घेऊन आलं, तिनं तो माझ्यासाठी घेतला आणि फोनवर म्हणाली, “पप्पा, रंकाळ्यावर जावा, तलावावर जावा, पक्षी काढा. घरात बसू नका.” मी डबा उघडून पाहिला होता आणि परत मिटला होता. मला पक्ष्यांमध्ये काही गम्य नव्हतं.

स्टुडिओतून आलो त्या दुपारी मी तो डबा पुन्हा काढला आणि आधी माहितीपुस्तक बाहेर घेतलं. इंग्रजी, बारीक टाइप, दीडशेच्या वर पानं. फार दिवसांनी हातात असं काही आलं होतं ज्याचं काय करायचं हे मला ठाऊक होतं. कोर्टात कागद आला की मी तो आधी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचो, अडणाऱ्या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारायचो, आणि ज्या पानांचा दाव्याशी संबंध नाही त्यांच्या कोपऱ्यात ‘गैरलागू’ असं लिहायचो. तसंच सुरू केलं. दोनशे पानी वही घेतली, डाव्या पानावर इंग्रजी शब्द, उजव्या पानावर मराठी.

पहिले दोन-तीन दिवस मी जे केलं ते आज त्या वहीत वाचताना हसू येतं. ‘शटर’समोर मी काहीच लिहिलं नाही, कारण तो मराठीच शब्द आहे असं मला वाटलं. दुकानाचं असतं ते. ‘आयएसओ’समोर लिहिलं: ‘दर्जाचं प्रमाणपत्र, साखर कारखान्याच्या कमानीवर असतं तसं. गैरलागू.’ त्यामुळं ढगाळ दुपारी कॅमेऱ्यानं स्वतःहून तो आकडा वाढवला आणि फोटोत रवा सांडल्यासारखे ठिपके आले, तेव्हा मी भिंगाची काच पुसत बसलो.

‘अपर्चर’नं मला दोन दिवस छळलं. उजेड आत जायचं भोक. मी ‘छिद्र’ असं लिहिलं. पण पुस्तक सांगत होतं की आकडा मोठा तितकं छिद्र लहान. मी ते वाक्य तीनदा वाचलं. छापण्यात चूक असावी असं वाटून शुद्धिपत्रक शोधलं. मग आकड्याच्या आधी एक तिरकी रेघ असते तिकडं लक्ष गेलं. तो पूर्णांक नव्हता, हिस्सा होता! भावकीच्या वाटपाच्या दाव्यांत सगळी हयात मी हेच लिहीत आलो होतो. अकरावा हिस्सा मिळालेल्या माणसाला निम्मा हिस्सा मिळालेल्या माणसापेक्षा कमी जमीन मिळते, हे कोल्हापूर जिल्ह्यात कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. मी उजव्या पानावर लिहिलं: ‘छिद्राचा हिस्सा.’ आणि खाली दोनदा रेघ मारली. दहा महिन्यांत मला एखादी गोष्ट समजल्याचा आनंद झाला तो त्या दिवशी.

तोवर बुरशी कोपराला पोचली होती.

मी मुलीला फोन केला.

“पप्पा, एवढं वाचताय कशाला? हिरव्यावर ठेवा आणि दाबा.”

“हिरव्यावर ठेवलं तर तो ठरवतो. मला काय पाहिजे ते त्याला कसं कळणार?”

“तुम्हाला काय पाहिजे?”

“तुझ्या आईचा फोटो.”

ती म्हणाली, “मग वाचा. सगळं वाचा.”

घरातलं टेबल मी खिडकीपाशी ओढलं. फ्रेम उघडलेलीच होती. काचेला चिकटलेला फोटो खुर्चीवर पाठीला टेकवून उभा केला. कॅमेऱ्याला तीन पायांचं तिकाटणं नव्हतं, म्हणून टेबलावर कायद्याच्या निवाड्यांचे बांधीव खंड एकावर एक रचले आणि त्यावर तो ठेवला. वरून खाली, डावी-उजवीकडं सरकवत भिंग बरोबर तिच्या चेहऱ्यासमोर आणलं. बटण दाबलं.

फोटोत मी होतो. पांढरा सदरा, चष्मा, मागं खिडकीचे गज. आणि माझ्या छातीच्या आतून कुठूनतरी ती अस्पष्ट दिसत होती. काच असल्यामुळं माझंच प्रतिबिंब पडत होतं. खिडकीचा एक पडदा ओढला, मी दिसलो. बाजूला झालो, कपाट दिसलं. खिडकी पूर्ण झाकली, तर उजेडच गेला.

फ्रेमवाल्याकडं पुन्हा गेलो आणि अडचण सांगितली. काचेशी त्याचा जन्म गेलेला.

“काचंला काळं दाखवायचं, साहेब. काळं दिसलं की ती गप बसती.”

“काळं म्हणजे?”

त्यानं आतून काळ्या मखमलीचं एक ठाण काढलं. पैलवानांची मेडलं फ्रेमेत बसवायला तो ती वापरायचा. त्यातला दीड वार कापला आणि दुकानाच्या फळीवरची चप्पल पायात सरकवत म्हणाला, “चला. मीच येतो. तुमाला एकट्याला न्हाय जमायचं त्ये.”

घरी आल्यावर त्यानं माझी मांडणी बघितली. निवाड्यांच्या खंडांवरून हात फिरवला.

“ही सगळी तुमी वाचल्यात?”

“बरीचशी.”

“आज उपेग झाला म्हणायचा.”

मखमलीच्या मधोमध त्यानं कात्रीनं गोल कापला, त्यातून फक्त भिंग बाहेर काढलं आणि दोन्ही टोकं दोन हातांत धरून पडद्यासारखा कॅमेऱ्यामागं उभा राहिला. काचेतून मी गेलो, कपाट गेलं, गज गेले. बाजूच्या खिडकीतून येणारा ढगाळ उजेड तेवढा राहिला.

आता बाकीचं माझं होतं. वहीत लिहिलेलं सगळं मी एकेक करून लावलं. कॅमेऱ्याची आपोआप नेम धरायची सवय बंद केली, कारण तो फोटोवर नाही, काचेवरच्या धुळीवर नेम धरायचा. भिंगाभोवतीचं कडं हातानं फिरवलं. ते फिरवलं की मागच्या पडद्यावर मधला भाग आपोआप मोठा होतो. पूर्ण साडीऐवजी तिचा एक डोळा पडदाभर आला. इतका जवळून मी तो हॉस्पिटलातच शेवटी पाहिला होता. हात थांबला. पण पापण्या अजून धूसर होत्या, आणि मला त्या स्वच्छ हव्या होत्या. कडं केसभर पुढं, केसभर मागं. पापण्या सुट्या झाल्या. छिद्राचा हिस्सा आठवा ठेवला. प्रमाणपत्राचा तो आकडा, ज्याचा अर्थ एव्हाना मला कळला होता, सगळ्यात खाली आणला. बोटाचा धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांनी शटर आपोआप उघडायची सोय लावली. दाबलं. दिवा लुकलुकला, टक् आवाज झाला.

फ्रेमवाला मखमल टाकून पुढं आला. आम्ही दोघं पडद्यावर वाकलो.

सगळं होतं. पदराच्या काठाची वीण होती, भिंतीवरच्या चुन्याचे ओघळ होते. पण दिवस मावळल्यासारखं होतं. साडी राखाडी, भिंत राखाडी, चेहरा सावलीत. एप्रिलची सकाळ होती ती, आणि दिसत होती पावसाळ्यातली संध्याकाळ.

“बाई आजारी दिसत्यात,” तो म्हणाला. मग जीभ चावली.

खिडकीचा पडदा आणखी सरकवला. पुन्हा दाबलं. तितकंच राखाडी. दारात, अंगणात उजेडाला नेलं. तितकंच. उजेड वाढवावा तसा कॅमेरा आतून तो कमी करत होता, जणू काही ठरवूनच. तासाभरानं फ्रेमवाला म्हणाला, “ऱ्हाऊ दे आज. दुकान उघडं टाकून आलोय.” मखमल त्यानं खुर्चीवर ठेवली. जाताना दारातून म्हणाला, “खांद्याजवळ आलीया, बघा.” मी बघितलेलं होतं.

पुढचे दोन दिवस मी पुस्तकाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी कॅमेरा पुसायला घेतला, तेव्हा अंगठ्याखाली एक बारीक खूण जाणवली. चौकोनात अधिकचं आणि उण्याचं चिन्ह. ते बटण मी रोज बघत होतो. वहीत ते कुठंच नव्हतं. शेवटच्या पानावरच्या खुणांच्या यादीत पाहिलं, पानाचा आकडा मिळाला, पान उघडलं. वरच्या कोपऱ्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘गैरलागू.’

शीर्षक होतं ‘एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन’.

कॉम्पेन्सेशन हा शब्द मी नोकरीत इतक्यांदा भाषांतरित केला आहे की तो दिसला की हात आपोआप ‘नुकसानभरपाई’ लिहितो. अपघाताचे दावे, धरणात गेलेल्या जमिनींचे दावे. मयताचं वय, मयतावर अवलंबून असणारे, आणि शेवटी भरपाई. पहिल्या वाचनात ते पान आलं तेव्हा मी असं धरून चाललो की कॅमेरा उन्हात उघडा पडून बिघडला तर कंपनी काय देणार, त्याबद्दल हे असावं. आणखीही एक होतं, ते आता लिहायला हरकत नाही. पत्नी गेल्यानंतर तो शब्द माझ्यानं वाचवत नव्हता. माणसाच्या बदल्यात काय मिळतं याची भाषांतरं मी आयुष्यभर स्वच्छ अक्षरात केली होती. ते पान मी झटकन उलटलं होतं.

आता वाचलं. अर्धंच पान होतं. कॅमेरा समोरचं जग सरासरीनं राखाडी आहे असं धरतो. समोर बहुतेक पांढरंच असेल, तर त्याला वाटतं की उजेड जास्त झाला, आणि तो कमी करतो. पांढऱ्याचं राखाडी होतं. अशा वेळी अधिकच्या बाजूला न्यावं.

पांढरी साडी, पांढरी भिंत. मी एकटाच मोठ्यानं हसलो. शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं, इतक्या मोठ्यानं. सत्तावीस वर्षं ज्या शब्दावर माझं पोट चाललं, तो मला येत नव्हता! कुणाचं काही गेल्याशी त्याचा इथं संबंधच नव्हता. यंत्र जे कमी करतं ते आपण आपल्या हातानं वाढवायचं, इतकंच. ‘गैरलागू’ खोडलं आणि उजव्या पानावर लिहिलं: ‘उजेडाची भर.’

फ्रेमवाल्याला फोन केला. “दुकान कधी बंद करता?”

“आत्ता करतो की. कळलं काय?”

अर्ध्या तासात तो मोटारसायकलवरून आला, भिजलेला. केस पुसत मखमल घेऊन उभा राहिला. मी सगळं पुन्हा लावलं. डोळा मोठा करून पापण्या पाहिल्या. त्याआधी आणखी एक गोष्ट केली, जी त्याच दुपारी वाचली होती: पांढरं म्हणजे काय हे कॅमेऱ्याला शिकवता येतं. जुन्या रंगीत फोटोंसारखा हाही तांबूस पडला होता. मी कॅमेरा जवळ नेऊन पूर्ण चौकटीत फक्त तिच्या साडीचा निरीचा भाग घेतला आणि त्याला सांगितलं, हे पांढरं. त्यानं ऐकलं. तांबूसपणा बराच उतरला.

मग अंगठा त्या अधिक-उण्याच्या बटणावर ठेवला आणि कॅमेऱ्यावरची चकती उजवीकडं फिरवली.

आरसा नसण्याचा अर्थ मला त्या क्षणी कळला. जुन्या कॅमेऱ्यात आरशातून समोरचं जसं आहे तसं दिसतं. फोटो कसा येणार ते नंतर कळतं. यात मागच्या पडद्यावर होणारा फोटोच आधी दिसतो. चकतीच्या एका खाचेला साडीवरची राख किंचित उडाली. दुसऱ्या खाचेला भिंत उजळली. तिसऱ्या खाचेला सावली तिच्या कपाळावरून, गालांवरून, हनुवटीवरून खाली गेली, कुणीतरी खोलीचं दार उघडावं तशी, आणि एप्रिलची सकाळ झाली.

“आल्या की!” फ्रेमवाला मखमलीमागून ओरडला. “ओ साहेब, बाई आल्या की!”

“हलू नका!”

“हलत न्हाय वो, दाबा तुमी!”

चौथ्या खाचेला पदराची वीण पांढऱ्यात बुडायला लागली. एक खाच मागं घेतली. दाबलं. दिवा लुकलुकला. मी श्वास धरला होता, आणि फ्रेमवाल्यानंही धरला असावा, कारण टक् झाल्यावर आम्ही दोघांनी एकदमच सोडला.

त्या दिवशी मी वेगवेगळ्या खाचांवर तिचे बरेच फोटो घेतले. बुरशी खांद्यावर होती, गळ्याच्या एक बोट खाली. चेहरा स्वच्छ होता. मोठा करून पाहिला तर तिच्या उजव्या हाताच्या बोटांना खडूची भुकटी लागलेली दिसली. चौदा-पंधरा वर्षं तो फोटो भिंतीवर होता आणि मी ती पाहिली नव्हती. कार्यक्रमाच्या दिवशीसुद्धा फळ्यावर काहीतरी लिहून आली असणार.

छापून घेताना लॅबमधल्या माणसानं विचारलं, “खांद्यावरचे डाग काढू? दात पण पूर्ण करून देतो.”

“काही काढू नका,” मी म्हटलं. “एकही नाही.” माझा आवाज इतका कडक आला की त्यानं माझ्याकडं वर बघितलं. कोर्टात हा आवाज मी न्यायाधीशांचा ऐकला होता. स्वतःचा पहिल्यांदाच.

नव्या फ्रेमेत फोटो आणि काच यांच्यामध्ये फ्रेमवाल्यानं पुठ्ठ्याची पट्टी घातली. “आता न्हाय चिकटत,” तो म्हणाला. “आदीच घालाय पायजे हुती. चुकलं माझं.” घाईघाईत पाच-पन्नास फ्रेमा करणाऱ्या माणसानं इतक्या वर्षांनी हे कबूल करायची गरज नव्हती. मी त्याला तसं सांगितलं.

कार्यक्रमाला माणसं पुष्कळ आली. सगळे पांढऱ्यात. वंदना झाली, एकेक जण पुढं येऊन फूल वाहू लागला. तिच्याबरोबर शिकवणाऱ्या एक बाई, आता निवृत्त, काठी टेकत फोटोपर्यंत आल्या आणि फूल हातातच धरून थांबल्या.

“अगं बया, ही हसतीया की!” त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या. “आन तोंडावर हातबी न्हाय! त्या दिवशी आमच्या मुख्याध्यापकांच्या धोतराचा सोगा खुर्चीच्या खिळ्यात अडकला हुता, आन हे भाषण करायला उठलं. खुर्ची संगट आली! ही हसली ती थांबंचना. माझ्या अंगावर पडली हसत.”

मुख्याध्यापकांच्या धोतराची हकिकत मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पत्नीनं ती मला सांगितली नव्हती, किंवा सांगितली असेल तेव्हा मी पुस्तकात असेन. जमलेल्या सगळ्यांत हसू पिकलं. वंदना घ्यायला आलेले भन्तेजीसुद्धा खाली बघून हसले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी माणसं अशी हसावीत की नाही मला माहीत नाही, पण मुलगी माझ्या शेजारी उभी राहून रडता रडता हसत होती आणि माझा हात घट्ट धरून विचारत होती, “हा तुम्ही काढला? पप्पा, खरंच तुम्ही काढला?”

“मी काढला,” मी म्हटलं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला जुन्या फोटोत बुरशी गळ्यावरून वर चढली आणि ओठांवर आली. मी ती पाहिली. काचेवरून हात फिरवला आणि तो फोटो तिथंच, नव्याच्या शेजारी राहू दिला. बुरशीला जायचं तिथं ती जाऊ दे. मला तिची भीती उरली नव्हती.

थंडीत एका सकाळी फ्रेमवाला एका बाईंना घेऊन दारात उभा. आजऱ्याहून आल्या होत्या, एसटीनं. काजूच्या कारखान्यात काम करून काळी पडलेली बोटं, आणि त्या बोटांत जुन्या साडीत गुंडाळलेली फ्रेम. आत वडिलांचा फोटो, काचेला घट्ट चिकटलेला. पांढरा फेटा, पांढरा सदरा, निम्मा चेहरा बुरशीत.

“चार ठिकाणी दाखवला,” त्या म्हणाल्या. “सगळी म्हणत्यात, सोडून द्या. तुमीच बघा आता. निघंल काय वो?”

कोर्टात माझ्या तोंडून अशी पुष्कळ माणसं बोलली, आणि त्यांना मिळालेली उत्तरंही मीच त्यांच्या भाषेत त्यांना ऐकवली. पण एकाही प्रश्नाचं उत्तर माझं नव्हतं. मी फ्रेम उजेडाला धरली. बुरशी डाव्या गालावर होती. डोळे, नाक, मिशा शाबूत होत्या. फेट्याचा पांढरा बघितला आणि मनात खाचा मोजल्या.

“जेवढा उरलाय तेवढा सगळा निघेल,” मी म्हटलं. “या आत. बसा.” आणि टेबल खिडकीपाशी ओढायला घेतलं.